प्रत्येकी एक

डॉक्टर हट्टंगडींनी मासे थाळीसारखे निवडले होते:
एक निऑन, एक पट्टेवाला बार्ब,
एक एंजल, एक मिशीवाला कोरी.
दात उपटायला आलेल्या माणसाला
बघायला व्हरायटी हवी, म्हणाले.

निऑन पहिल्याच आठवड्यात एंजलच्या पोटात गेला.
कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
बार्बने एंजलच्या झालरी कुरतडल्या.
चार वर्षं मी त्याला मनातून शिव्या घातल्या.

आणि कोरी.
चेंबूरला अंधार पडला, बाहेरचं शटर अर्धं आलं
की टाकीच्या दिव्यात
डाव्या काचेवर दुसरा कोरी उगवायचा.
हा जाऊन त्याच्याशेजारी बसायचा,
मिशीला मिशी लावून.
साडेनऊला मी दिवा बंद करायचे.
रोज बटणापाशी हात जरा थांबायचा,
पण बस चुकली की पुढची पाऊण तासाने.

एका मंगळवारी कुर्ल्याला गेले,
मुनाफभाईंच्या दुकानात.
म्हटलं, या कोरीला एक जोडीदार द्या.
"एक देत नाही," ते म्हणाले. "एक न् एक मिळून दोन एकटे.
सहा तरी लागतात. टाकी केवढी?"
वीस इंच उंच, मी ऐटीत सांगितलं.
"उंची राहू दे, ताई. हा मासा लिफ्टने जात नाही. लांबी?"
दीड फूट.
ते जाळी धुवत राहिले, बराच वेळ.

(आम्ही मानखुर्दला सातव्या मजल्यावर राहतो,
चौघी, दहा बाय दहा.
उंची भरपूर आहे.)

बार्बचं विचारलं, तर म्हणाले, दुष्ट नाही तो.
आपल्यातल्यांशी भांडायचं असतं त्याला,
ते नाहीत, म्हणून परक्यांचे कपडे फाडतो.
घेऊन या. एंजललाही आणा, त्याला मात्र उंची लागते.

नेले दोघांना, दोन पिशव्यांत.
बसमध्ये सुटे शोधताना
शेजारच्या बाईने न विचारता पिशव्या धरल्या,
बाळं धरावीत तशा, खाली हात लावून.
मुनाफभाईंनी बार्बला वीस-बावीस बार्बांत सोडलं.
मी वाकून शोधत राहिले.
चार वर्षांचा ओळखीचा,
दोन मिनिटांत सापडेना.

मग दोन फुटांची जुनी टाकी,
एका कोपऱ्याचा टवका गेलेली,
खडीऐवजी बारीक वाळू, आणि पाच कोरी.
मासिकांचा स्टँड हलवला तेव्हा ती बसली.
जुन्या फिल्टरचा स्पंज न धुता तसाच लावला,
त्या मळावर पाणी जगतं म्हणे.
व्हाउचरवर लिहिलं: टाकी दुरुस्ती, किरकोळ.
खोटं नाही ते. फार खरंही नाही.

डॉक्टर मास्क खाली ओढून बघत राहिले.
"सगळे सारखेच कसे?"
हो, म्हटलं.
"बरं," म्हणाले, आणि ड्रिलकडे वळले.

दोन दिवस नवे पाच एका बाजूला, जुना एका बाजूला.
मला वाटलं, पैसे गेले.
तिसऱ्या दिवशी रूट कॅनालवाल्या आजोबांनी हाक मारली,
"अहो, हे बघा, बैठक बसलीय."
लाकडाखाली सहाही, तोंडं एकाच दिशेला,
मध्येच एक हवा घ्यायला सुसाट वर,
लगेच दुसरा, तिसरा,
जणू चहाची सुट्टी झाली.
खुर्चीवर उभी राहून एक मुलगी मोजते,
पाच म्हणते, सात म्हणते,
आई ओरडते, तरी पुन्हा पहिल्यापासून.

जुना मला ओळखू येतो,
खडीवर झिजून त्याची एक मिशी आखूड झालीय.
अजूनही कधी कधी रात्री डाव्या काचेपाशी जातो.
पण तिथे फार वेळ बसायला मिळत नाही,
मागून कोणीतरी येऊन ढोसतं.

साडेनऊ. दिवा बंद.
शटरला तेल घालायला हवं.